डेम्बेलेचा बॅलन डी'ओर: चेंडू पायात नसतानाची कमाई

22 सप्टेंबरला पॅरिसमध्ये उस्मान डेम्बेलेला बॅलन डी'ओर मिळाला. लमिन यमाल दुसरा, मोहम्मद सलाह चौथा, अशरफ हकीमी सहावा. पहिल्या सहांत चार मुस्लिम नावं म्हटल्यावर मुबारकबादीचे मेसेज फिरणारच, आम्हीही पाठवले. पण घरातली पोरं मोबाईलवर त्याचे गोल बघतात, आणि आमच्या मते हा पुरस्कार निम्मा तरी त्याने चेंडू पायात नसताना कमावला आहे.

पीएसजीत कतारचा पैसा 2011 पासून आहे. 2021 ते 2023 मेस्सी, नेमार, एम्बाप्पे तिघे एकत्र खेळले, तरी चॅम्पियन्स लीगमध्ये दोन्ही वर्षं शेवटच्या सोळांतच गाडी अडली. चेंडू गेला की हे तिघे पुढे उभे, बाकीच्यांनी पळायचं! 2024 मध्ये एम्बाप्पेही गेला. संघ कमजोर झाला असं वाटत असताना प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी नियमच बदलला: चेंडू गेला की पहिला बचाव स्ट्रायकरने करायचा. शिस्तीवरून ऑक्टोबर 2024 मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्याला त्यांनी डेम्बेलेलाच घरी ठेवलं होतं.

31 मेची म्युनिकमधली फायनल आठवा. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. इंटर मिलानचा गोलरक्षक सोमर गोलकीक घ्यायला आला की डेम्बेले पेनल्टी बॉक्सच्या कडेला ओणवा होऊन त्याच्याकडे रोखून बघत उभा. आणि तो आंधळा धावत नव्हता. थोडं वळण घेऊन धावायचा, म्हणजे एका बाजूचा पास आपोआप बंद. चेंडू दुसऱ्या बाजूला गेला की तिथे क्वारात्सखेलिया नाहीतर डूए हजर. मागून झुआव नेवेस आणि वितिन्या पुढे सरकलेले, कडेने हकीमी आणि नुनो मेंडेस वर चढलेले. समोरच्याला चेंडू द्यायला माणूसच दिसत नाही. यात धोका मोठा आहे. मागे मार्किन्योस आणि पाचो जवळपास एकटे पडतात. कुणी एक दोन पावलं उशिरा निघाला की सगळं जाळं फाटतं.

चेंडू मिळाल्यावरचा वेगही तसाच. 20व्या मिनिटाला इंटरला कॉर्नर मिळणार असं वाटत होतं. पाचोने रेषेवरून चेंडू आत ठेवला, क्वारात्सखेलिया डावीकडून सुटला, डेम्बेलेने चेंडू पलीकडच्या टोकाला टाकला आणि डूएने गोल केला. स्वतःच्या कॉर्नरपासून समोरच्या जाळ्यापर्यंत काही सेकंदांत! पहिला गोल हकीमीचा होता, पण जुना क्लब म्हणून त्याने जल्लोष केला नाही. निकाल 5-0. एवढ्या फरकाने ही फायनल आजवर कुणी जिंकलेली नाही. डेम्बेलेच्या नावावर त्यात एकही गोल नाही. तरी बॅलन डी'ओर त्यालाच द्यावा, असं एन्रिके तेव्हाच म्हणाले होते, कारण काय तर त्याचं प्रेसिंग.

या खेळावर उतारा नाही असं मात्र नाही. 13 जुलैला क्लब वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये चेल्सीने छोटे पास खेळण्याचा हट्टच धरला नाही. मेंडेस वर चढला की त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत लांब चेंडू. पामरचे दोन गोल तिकडूनच आले आणि मध्यंतरालाच 3-0 झालं.

पण चेल्सीपेक्षा मोठी अडचण कॅलेंडरची आहे. असं धावायला ताजे पाय लागतात. जुलैच्या त्या फायनलनंतर बरोबर महिन्याने, 13 ऑगस्टला, पीएसजी सुपर कप खेळत होता. 5 सप्टेंबरला फ्रान्सकडून युक्रेनविरुद्ध खेळताना डेम्बेले आणि डूए, दोघेही जखमी झाले. सामने वाढवणारे पैसे मोजतात, स्नायू मात्र खेळाडूचा फाटतो. त्यावर कुणी बोलत नाही, हे आम्हाला खटकतं.

गेल्या मोसमात एन्रिके यांच्याकडे सोय होती. फ्रेंच लीग 5 एप्रिललाच खिशात पडली, मग मोठ्या सामन्यांसाठी मुख्य खेळाडूंना विश्रांती देता आली. यंदा ती मुभा मिळेलच असं वाटत नाही. डेम्बेले पॅरिसमध्ये पुरस्कार घ्यायला आला त्याच संध्याकाळी, त्याच्याशिवाय खेळणारा पीएसजी मार्सेमध्ये 1-0 ने हरला.