मोगरा का फुलत नाही?

उन्हाळा लागला की आमच्याकडे बायकांच्या बोलण्यात दोन विषय हमखास येतात. एक पाण्याचा टँकर आणि दुसरा मोगरा. 'तुमच्याकडे आला का हो?' 'कुठला! नुसती पानंच पानं.' बचत गटाची मीटिंग असो नाहीतर गिरणीवरची रांग, हा संवाद ठरलेला. गजऱ्याचे भाव वाढलेत आणि घरचा मोगरा रुसलाय, मग जीव हळहळणारच.

मी काही शेतकीची पदवीधर नाही. बी.ए. केलं ते इतिहास घेऊन. पण वीस-बावीस वर्षं गच्चीत मोगरा सांभाळते आहे आणि त्यासाठी नर्सरीतल्या माळीदादांना भरपूर भंडावलंही आहे. म्हणून या विषयावर दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं मी धरून चालते. खरं सांगायचं तर आज लेखणी उचलली ती मोगऱ्यापेक्षा एका वाक्यासाठी. ते वाक्य पुढे येईलच. आधी मोगऱ्याचं बघू.

मोगऱ्याला सगळ्यात आधी लागतं ऊन. पाच-सहा तासांचं, थेट अंगावर येणारं. त्यावर तडजोड नाही. आपण नर्सरीतून कळ्यांनी भरलेलं रोप आणतो, चार दिवस घर घमघमतं आणि पुढच्या वर्षी एक फूल नाही. मग नर्सरीवाला लबाड ठरतो. अहो, त्याच्याकडे ते रोप उघड्या रानात उन्हात वाढलेलं असतं. आपण त्याला आणून ठेवतो गॅलरीच्या कोपऱ्यात, नाहीतर दारात शोभेला. आणि हल्ली आपल्या लहान गावांतही अंगणं राहिलीत कुठे? वाडे पडले, दोन-दोन मजले चढले, उरल्या जागेत फरशी आणि वर मोटरसायकलसाठी पत्र्याची शेड. सावलीतला मोगरा मरत नाही. हिरवागार दिसतो, उंच होतो, उन्हाच्या दिशेने लांबच लांब फांद्या टाकतो. फुलत मात्र नाही.

दुसरी गोष्ट कात्रीची. फुलझाडाला कात्री लावायला आपल्या बायकांचा हात धजत नाही. 'फुलतं झाड कापायचं?' असं म्हणतात. पण मोगऱ्याची कळी येते ती नव्या फुटव्याच्या टोकाला. जुन्या, काष्ठ झालेल्या काडीवर ती येत नाही. नवा फुटवा हवा असेल तर जुनं कापायलाच हवं. मोगऱ्याची शेती करणारे लोक थंडीत आधी काही दिवस पाणी तोडतात, झाडाला ताण देतात आणि मग छाटणी करतात. घरच्या कुंडीला एवढा सोहळा नको. जानेवारी संपता संपता, थंडी ओसरायला लागली की वाळक्या आणि बारीक काड्या मुळापासून काढायच्या. बाकीच्या फांद्या वरून साधारण एक-तृतीयांश छाटायच्या, उरलेली जुनी पानं हाताने उतरवायची. झाड केविलवाणं दिसतं, घरातली माणसं ओरडतात. ओरडू द्यावं. पंधरा-वीस दिवसांत कोवळी पालवी येते आणि तिच्या टोकाला पुढे कळ्या धरतात. पहिला बहर ओसरला की फुलं येऊन गेलेले शेंडे खुडायचे, म्हणजे पुन्हा फुटवे येतात आणि पुन्हा कळ्या.

आता खत. 'वहिनी, मी तर दर आठवड्याला चमचाभर युरिया घालते, तरी फुलत नाही!' असं मला एकीने अगदी तक्रारीच्या सुरात सांगितलं. तरी नाही, त्यामुळेच नाही. युरियात ४६ टक्के नत्र असतं आणि नत्राचं काम पानं वाढवणं. झाडाला पानांचंच खाणं मिळालं तर ते पानंच देणार. छाटणीनंतर वरची माती मोकळी करून दोन ओंजळी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घालावं आणि जोडीला चिमूटभर लाकडाची राख. कुंडीतल्या झाडाला एवढं पुरतं. चहाचा चोथा घालायचाच असेल तर धुऊन घालावा. साखरेचा घातलात तर मुंग्यांचं वारूळ होईल.

कुंडी किती जुनी आहे, हेही बघावं. दोन-तीन वर्षांत मुळं आतून गोल गोल फिरून सगळी कुंडी व्यापतात आणि पाणी घातलं की खालून सरळ निघून जातं. अशा वेळी झाड काढून बाहेरची मुळं थोडी छाटावीत आणि नव्या मातीत लावावं. कळ्या येतात, पण जांभळट होऊन गळतात, त्यांना बारीक भोकं दिसतात, तर ती कळी पोखरणारी अळी. किडक्या कळ्या वेचून लांब टाकाव्यात. लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण घालून संध्याकाळी फवारावं.

बस्स, एवढंच आहे. ऊन, कात्री, खत, माती, कीड. यात बाई कुठे आली का?

पण आपल्याकडे येते. हेच ते वाक्य. 'घरात शिवाशिव पाळत नाहीत, मग झाड फुलणार कसं?' गेल्या जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी ते पुन्हा ऐकलं. आमच्याच आळीतलं घर. दारात मोगऱ्याचं मोठं झाड, सिमेंटच्या कुंडीत. एके काळी त्या घरचे गजरे आळीभर जायचे. 'दोन वर्षं झाली, कळी नाही. वांझ निघालं झाड,' असं सासूबाई म्हणाल्या. 'आमच्या सूनबाईंना चार दिवसांचं काही नाही, पाणीसुद्धा त्याच घालतात.' सून समोर तिळगूळ वाटत होती. लग्नाला चार वर्षं झालेली, अजून मूल नाही. 'वांझ' हा शब्द उच्चारला तेव्हा तिथल्या पंधरा-वीस बायकांच्या नजरा झाडाकडे गेल्या नाहीत. कुणाकडे गेल्या ते तुम्हाला कळलंच असेल.

आता साधा हिशेब करा. सून आली चार वर्षांपूर्वी, मोगरा थांबला दोन वर्षांपूर्वी. मधली दोन वर्षं तिच्याच हातचं पाणी पिऊन तो फुलत होता ना? दोन वर्षांपूर्वी झालं एवढंच की पूर्वेच्या बाजूच्या शेजाऱ्यांनी वरचा मजला चढवला आणि सकाळचं ऊन बंद झालं. सगळ्या आळीने ते बांधकाम पाहिलंय, त्याची धूळ खाल्लीय. पण उन्हाची चौकशी कुणी केली नाही. चौकशी झाली ती सुनेच्या पाळीची.

हे खूळ फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलं आहे की पाळीतल्या बाईच्या स्पर्शाने नवी दारू आंबते, पीक नापीक होतं, बागेतलं बियाणं वाळतं. बरं, तो दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस. पण १९२० साली व्हिएन्नातल्या बेला शिक या डॉक्टरनेही तेच मांडलं. घटसर्पाच्या चाचणीमुळे त्याचं मोठं नाव झालेलं. मोलकरणीने पाळीत हाताळलेली फुलं कोमेजली, म्हणजे पाळीतल्या बाईच्या शरीरात काही विष असलं पाहिजे, असा त्याचा तर्क. त्या विषाला 'मेनोटॉक्सिन' असं भारदस्त नावही मिळालं. पुढे कित्येक वर्षं लोक प्रयोग करत राहिले, पण असं विष काही सिद्ध झालं नाही. शिकलेला, नावाजलेला डॉक्टर मोलकरणीचा हात आधी पाहतो, तिथे आमच्या आळीतल्या सासूबाईंना मी एकट्याने काय बोल लावू?

आणि कुणाला अनुभवाचाच पुरावा हवा असेल तर पालघर जिल्ह्यात जाऊन यावं. जव्हार, विक्रमगडच्या भागात शेतकऱ्यांनी मोगरा लावला आहे. कळ्या उमलायच्या आत, सकाळी लवकर खुडाव्या लागतात, कारण त्या दादरच्या फूलबाजारात जायच्या असतात. खुडणारे हात बहुतेक बायकांचेच. बहर असतो तेव्हा खुडणीला रोजच जावं लागतं. त्यातल्या प्रत्येकीने महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचं म्हटलं तर कळी झाडावरच उमलून जाईल आणि मजुरी बुडेल ती वेगळीच. तिकडे मदुराईचा मल्ली मोगरा इतका नावाजलेला की २०१३ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो माळणाऱ्या लाखो बायका आहेत. खुडणारीला तिची तारीख कुणी विचारली नाही आणि मोगराही नासला नाही. उद्या आपल्या देवाला वाहिलेली ओंजळभर फुलं कुणाच्या हातची आहेत, हेही आपल्याला माहीत नसतं.

मग हा समज टिकतो कसा? मला वाटतं, मोगऱ्याच्या स्वभावामुळेही. तो एकसारखा फुलत नाही. एक बहर येतो, ओसरतो, मध्ये काही आठवडे शांतता, मग पुन्हा बहर. त्या शांततेच्या दिवसांत घरातल्या कुणा ना कुणा बाईची पाळी येतेच. महिन्यातून एकदा येणारी गोष्ट कशालाही चिकटवता येते! पापड लाल झाले, लोणच्याला बुरशी आली, सगळं त्याच खात्यात. बरणीत ओला डाव कुणी घातला ते विचारायचं नाही.

काही मोठ्या बायका म्हणतात, 'अगं, ते विश्रांतीसाठी होतं. तेवढीच बाईला उसंत.' मी हे ऐकून घेते, पण मला पटत नाही. विश्रांती असती तर बाहेर बसलेल्या बाईकडून धान्य पाखडून, गोधड्या धुऊन कुणी घेतल्या नसत्या. आणि विश्रांती द्यायला झाडाला शिवू नको म्हणण्याची काय गरज? चहाचा कप हातात आणून दिला तरी पुरे.

राहिला तो 'वांझ' शब्द. झाडालासुद्धा तो लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण आपल्याकडे तो झाडापाशी थांबत नाही. माझ्याकडे समाजकार्याच्या निमित्ताने मूल होत नसलेल्या मुली येतात. देवऋषी झाले, नवस झाले, उपास झाले, तिच्या सोनोग्राफ्या झाल्या, पोटातून दुर्बीण घालून झाली. 'आणि मुलाची तपासणी?' असं विचारलं की शांतता. डॉक्टर सांगतात की साधारण निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडेही असतं. त्याची पहिली तपासणी अगदी साधी, फारशी खर्चाची नाही, सुई टोचणं नाही. ती सगळ्यात शेवटी होते किंवा होतच नाही. इथेही तसंच, मोगऱ्यासारखं. जिथे विचारायला सोपं तिथे विचारत नाहीत आणि जी समोर तिळगूळ वाटते आहे तिला धरतात.

त्या मोगऱ्याचं पुढे काय झालं ते सांगते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला दिराच्या मदतीने सुनेने झाड त्या कुंडीतून काढलं, मुळं छाटून नव्या कुंडीत लावलं आणि ती गच्चीवर नेली. फांद्या छाटल्या. सासूबाई दोन दिवस बोलत नव्हत्या म्हणे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्या कळ्या आल्या आणि पुढे रोज वाटीभर. सासूबाई सगळीकडे सांगत सुटल्या, 'बघा, आता घरात नीट पाळतात.' माझ्यादेखतही म्हणाल्या. सून तिथेच होती. हळूच म्हणाली, 'आई, ज्या दिवशी कुंडी बदलली ना, त्या दिवशी माझा दुसरा दिवस होता.' सासूबाई उठून आत गेल्या. फुलांचा हार मात्र त्यांनी विठोबाच्या तसबिरीवरून काढला नाही, आणि दुसऱ्या दिवशीही त्याच झाडाची फुलं होती.

आता ज्यांची यंदाची छाटणी राहिली असेल त्यांच्यासाठी. भर उन्हाळ्यात मोठी कापाकापी नको, फक्त शेंडे खुडा आणि कुंडी उन्हात सरकवा. सावलीतून एकदम कडक उन्हात नेलं तर पानं करपतात, म्हणून आठ-दहा दिवस थोडं थोडं. पावसाळ्यात कुंडीच्या खालचं भोक मोकळं आहे ना ते बघा, पाणी साचलं की मुळं कुजतात. कॅलेंडरवर जानेवारीच्या शेवटच्या रविवारी 'मोगरा' असं आत्ताच लिहून ठेवा, आणि कात्री घरात ज्या कुणाला त्या दिवशी वेळ असेल तिने घ्यावी.