सरमिसळ आणि संगम

शीव कोळीवाड्यात हळदीची रात्र असली की मांडवाच्या तोंडाशी ब्रास बँड उभा राहतो. कोळीगीताची चाल क्लॅरिओनेट उचलते, ट्रंपेट तिला उत्तर देतो. ही वाद्ये मुंबईत आली ती लष्करी बँडांतून आणि गोव्याच्या वादकांच्या हातून. चाल कोठे लांबवावयाची आणि कोठे तोडावयाची, हे नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहून ठरते. फाळणीनंतर याच परिसरात पंजाबी निर्वासितांची वसाहत झाली, आणि पुढे कोळीवाडा स्थानकाचे नावही बदलून गुरू तेगबहादूर नगर झाले. तेथील शबद-कीर्तनाला साथ पेटीची. ही पेटी मूळची युरोपची. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हावयास १९७१ साल उजाडावे लागले. गुरुद्वारांतून व भजनी मंडळांतून ती त्या काळातही वाजतच होती.

संगीतांची सरमिसळ ही अशी पंडितांच्या परवानगीवाचून होत असते. मग या क्षेत्रात अभ्यासक संगीतकाराने करावयाचे काय? दिवंगत भास्कर चंदावरकर यांच्या कारकीर्दीत या प्रश्नाचे एक सबळ उत्तर सापडते. चंदावरकर पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकले आणि १९६५ पासून सुमारे दीड दशक त्यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीताचे अध्यापन केले. त्यांच्या गुरूंनी यहुदी मेन्युहिन यांच्याबरोबर केलेले वादन जगभर गाजले. परंतु त्यात मेन्युहिन यांनी वाजवावयाचा भाग बव्हंशी आधी लिहून द्यावा लागे. उपजेवर वाढलेला कलावंत आणि लिखित स्वरावर वाढलेला कलावंत एका मंचावर बसले, म्हणून त्यांची संगीते एकत्र नांदू लागतात असे नव्हे.

येथे अडचण मूलभूत आहे. आपल्या संगीतात प्रत्येक स्वराचा अर्थ अचल षड्जाशी असलेल्या नात्यावरून ठरतो. पाश्चात्त्य स्वरमेळात आधाराचा स्वरच सरकत राहतो. भूप गाताना गंधारावर न्यास केला आणि त्याच क्षणी खाली धैवताच्या आधाराचा स्वरमेळ वाजला, तर तोच गंधार पंचमाचे काम करू लागतो. गायकाने तसूभरही चूक केलेली नसते, तरी रागाचा चेहरा पालटतो. हे ओळखून मुद्दाम केले तर ती रचना होते. न ओळखता केले की आजच्या 'फ्यूजन'च्या जलशांतून ऐकू येणारा तो गोड गोंगाट होतो. त्यात तबला व ड्रम्स यांची जुगलबंदी हमखास असते, आणि टाळ्याही तिलाच पडतात.

चंदावरकरांनी हा सोपा मार्ग घेतला नाही. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आले, तेव्हा नाना फडणविसांच्या चित्रणावरून एवढे काहूर माजले की त्यातील संगीताची चिकित्सा मागेच पडली. कोकणातील खेळे, कीर्तन, लावणी, कव्वाली यांचे नमुने त्यात केवळ मांडून ठेवलेले नाहीत. भक्तीचा सूर कोणत्या वळणावर शृंगारात घसरतो, हे दाखविणे हेच त्या नाटकाचे शस्त्र आहे आणि ते संगीतकाराच्या हातात आहे. परकी संगीते जुळविण्यापूर्वी स्वतःच्याच प्रांतातील एकमेकांशी न बोलणाऱ्या संगीतांना समोरासमोर आणावे लागते, ही जाण त्यामागे दिसते.

'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) हा पुढचा टप्पा. ब्रेख्त व कुर्ट वाइल यांचे मूळ नाटक १९२८ सालचे. वाइलने नृत्यगृहांतील आणि जॅझचे सूर ऑपेराच्या घरात आणले होते. त्याच्या चालींची नक्कल मराठीत अगदीच केविलवाणी झाली असती. चंदावरकर, आनंद मोडक व नंदू भेंडे यांच्या संगीताने वाइलची युक्ती तेवढी घेतली: नाट्यपद, लावणी व रॉक यांना एकाच घरात भांडावयास लावले. पु. ल. देशपांड्यांच्या रूपांतराला तमाशाचा साचा लाभला होता, आणि कथा थांबवून गाणे म्हणणे हे तर तमाशाला ब्रेख्तच्या आधीपासून ठाऊक होते.

अशा कामाला शास्त्राचे नाव देण्याचा यत्न डॉ. अशोक रानडे यांनी केला. १९६८ पासून मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक असलेल्या रानड्यांनी आदिम, लोक, भक्ती, कला व जन या कोटींच्या जोडीला 'संगम संगीत' अशी स्वतंत्र कोटी मानली. भेसळ म्हणून नाक मुरडावयाचे किंवा नावीन्य म्हणून पाठ थोपटावयाची, या दोन्ही आळशी सवयींतून सुटण्याची वाट त्यांनी दाखविली. विद्यापीठांनी ती किती चोखाळली? संगीताचे बहुतेक अभ्यासक्रम आजही ख्याल व वाद्यवादन यांभोवती फिरतात, आणि कोळीवाड्यातील बँडवाला त्यांच्या लेखी संगीतकारच नसतो. त्याची चाल, त्याचे फिरवणे, त्याची स्वरलेखनाविना चालणारी शिस्त टिपून घेण्यास एखादा ध्वनिमुद्रक आणि दोन उत्साही विद्यार्थी पुरेसे आहेत. अनुदानाची सबब येथे टिकणारी नाही.

नाटकांच्या बाबतीत तर विलंबाची किंमत दिसू लागली आहे. संहिता छापल्या जातात, संगीत मात्र वादकांच्या व गायकांच्या स्मरणात राहते. चंदावरकर २००९ मध्ये गेले, रानडे २०११ मध्ये. 'तीन पैशाचा तमाशा'चे उरलेले दोन्ही संगीतकार, मोडक व भेंडे, २०१४ या एकाच वर्षी गेले. या दोन्ही नाटकांचे समग्र स्वरलेखन, तालांच्या व वाद्यमेळाच्या तपशिलांसह, एखाद्या विद्यापीठाने तातडीने हाती घ्यावयास हवे. 'घाशीराम'च्या पहिल्या संचात जे तरुण गात-नाचत उभे होते, त्यांनी आता सत्तरी ओलांडली आहे.