होमरूल कुणाचे?

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे ग्रामस्वराज्याचा विचार मांडणाऱ्या विनोबांचे जन्मगाव. 1895 साली ते जन्मले. त्याच्या दोनच वर्षे आधी आयर्लंडचे दुसरे होमरूल विधेयक लंडनच्या लॉर्ड्स सभेने फेटाळले होते. आयर्लंडचा हा शब्द 1916 साली टिळकांनी आणि ॲनी बेझंट यांनी आपल्या लीगसाठी घेतला. मार्च 1918 मध्ये मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेत टिळकांनी भाषण जोरदार केले, जाहीरनाम्यावर सही मात्र केली नाही! पुढे 16 जानेवारी 1919 च्या टाइम्स ऑफ इंडियात 'एक महार' अशा सहीने बाबासाहेबांचे पत्र आले. स्वराज्य ब्राह्मणाचा जन्मसिद्ध हक्क असेल तर तो महाराचाही आहे, असा त्याचा आशय होता.

गावाचे स्वराज्य म्हणजे नेमके काय, हे विनोबांच्याच कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याने दाखवले. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब तेथील पाणी प्रत्यक्ष प्याले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. ही 'स्थानिक स्वराज्य संस्था' होती, इंग्रजांचा कलेक्टर नव्हे.

आयर्लंडचे पुढे काय झाले, हे आमच्या लोकांनी मुद्दाम वाचावे. कॅथलिक बहुसंख्येच्या भीतीने अल्स्टरच्या प्रोटेस्टंटांनी होमरूलला कडवा विरोध केला; आणि 1921 मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये होमरूल चालवायला मिळाले ते त्यांनाच. मग अनेक दशके स्थानिक निवडणुकीत मत कुणाला? घर ज्याच्या नावावर त्याला आणि त्याच्या जोडीदाराला. सरकारी घरे वाटणार कोण? तीच कौन्सिले. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य, पण वॉर्डच असे कापले की सत्ता प्रोटेस्टंटांकडेच राहिली. अखेर 1972 मध्ये लंडनने कारभार आपल्या हाती घेतला. कालचा भ्यालेला अल्पसंख्य सत्ता मिळताच असा वागला.

आपल्याकडे 1993 पासून 73 व्या घटनादुरुस्तीने राखीव जागा आल्या. पण 2022 नंतर महाराष्ट्रातील अनेक जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षे प्रशासक राहिले. निवडणुका घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाला 6 मे 2025 रोजी सांगावे लागले. तेवढा काळ राखीव जागेवरचा एकही सदस्य सभागृहात नव्हता. जिल्हा परिषदेने स्वउत्पन्नातील 20 टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. त्या काळात ती कुठल्या वस्तीत, कशावर खर्च झाली? कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात तालुकावार हिशेब मागवावा, आणि तो जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत मांडायला लावावा.