आधी पडून पाहावे!

(तृतीय वर्ष, कला)

गेल्या दोन वर्षांत आमच्या वर्गात एक नवेच खूळ शिरले आहे. पूर्वी सुट्टीत आम्ही धक्क्यावर गरी टाकून बसत असू. आता प्रत्येकाला खाडीच्या मध्यावर जाऊन गरवायचे आहे आणि त्यासाठी कयाक हवी आहे. कॅन्टीनमध्ये चहा गार होईपर्यंत चर्चा रंगते, पण ती एकाच दिशेने : गरी रोवायला जागा किती, मासळीचा डबा कुठे ठेवायचा, मासा दाखवणारे यंत्र बसेल का. या साऱ्यात एक प्रश्न मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. उलटलो तर परत वर कसे चढायचे? माझे स्पष्ट मत आहे, की पहिली कयाक घेणाऱ्याने हा प्रश्न आधी विचारावा. मासळीच्या डब्याचे नंतर पाहता येईल.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. माझी पहिली कयाक जुनी, स्वस्तात मिळालेली, जेमतेम २२ इंच रुंद आणि आत पाय घालून बसायची होती. पाण्यावर सुरीसारखी चालायची, म्हणून मी तिच्यावर खूष होतो. मार्गशीर्षातल्या एका सकाळी कर्लीच्या खाडीत माझ्या गळाला शेंगटी लागली. शेंगटीचा काटा लागला तर हात ठणकतो, हे खाडीकाठच्या पोराला सांगायला नको. तिला अंगापासून लांब धरण्याच्या नादात मी एका बाजूला झुकलो आणि दुसऱ्या क्षणी पाण्यात होतो. ओहोटी लागलेली. पालथी कयाक सरळ केली खरी, पण ती काठोकाठ भरलेली. वर चढू गेलो की ती पुन्हा पालथी व्हायची. असे चार वेळा झाले. मला पोहता येते याचा मोठा अभिमान होता; ओहोटी आम्हा दोघांनाही, म्हणजे मला आणि अभिमानाला, देवबागच्या मुखाकडे नेऊ लागली. लाइफ जॅकेट घरी खुंटीला टांगलेले होते.

जाळे काढायला आलेल्या एका काकांनी मला त्यांच्या होडीवर ओढून घेतले. ते रागावले नाहीत. वल्हवता वल्हवता एवढेच म्हणाले, "झिला, आधी परत चडाक येता काय तां बघ. मासो मगे." त्यांच्या होडीला उलांडी होती. होडी कलंडू नये म्हणून बाजूला लाकूड बांधण्याची ही युक्ती मी लहानपणापासून पाहत आलो, पण ती कशासाठी असते ते त्या दिवशी अंगाला कळले.

अरुंद कयाकला मी दोष देत नाही. मुळात ती ग्रीनलंडसारख्या प्रदेशातल्या इनुइट शिकाऱ्याची होडी. सीलचे कातडे ताणून, मालकाच्या अंगाच्या मापाने ती बेतलेली असे, आणि उलटली तर आत बसल्याबसल्याच वल्ह्याच्या फटक्याने सरळ होण्याची विद्या तो शिकून घेत असे. आपण ती होडी घेतो आणि विद्या मात्र घेत नाही!

नवशिक्याने वर बसायची कयाक घ्यावी. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील टिम निमायर याने ही जात पुढे आणली. ती आतून बंद असते, आणि वर आलेले पाणी तळापर्यंत गेलेल्या भोकांतून आपोआप खाली जाते. उलटली तर सरळ करायची आणि पोटावर सरपटत चढायचे. लांबी १० ते १२ फूट, रुंदी ३० ते ३४ इंच पुरे. कंपनी जे वजन पेलेल म्हणून सांगते, त्याच्या दोन-तृतीयांशापर्यंतच आपले आणि सामानाचे मिळून ओझे असावे.

माझा एक मित्र म्हणतो, रुंद कयाक म्हणजे म्हैस, वर्षभरात कंटाळशील. त्याचे अर्धे बरोबर आहे. दुपारचा वारा समोरून सुटला की रुंद कयाक वल्हवताना खांदे बोलू लागतात. पण कंटाळलेला माणूस होडी बदलू शकतो. पहिल्याच महिन्यात घाबरलेला माणूस पाण्याचेच नाव टाकतो, आणि घरचे लोक त्याला पुन्हा खाडीवर जाऊ देत नाहीत ते वेगळेच. (माझ्या आईने पाच महिने जाऊ दिले नाही.)

पायडल मारायच्या कयाकचेही आकर्षण फार. हात मोकळे राहतात, ही सोय खरीच. पण ती महाग, जड, आणि तिची खालची यंत्रणा ओहोटीच्या उथळ चिखलात अडकते. आमच्या खाडीत पहिल्या वर्षी तरी वल्हेच बरे. वजनाचाही विचार घरीच करावा. ३० किलोची कयाक दुकानात हलकी वाटते. गरवून दमल्यावर धक्क्याच्या पायऱ्यांवरून एकट्याने वर आणताना ती किती जड आहे ते कळते.

आणि पैसे मोजण्यापूर्वी विकणाऱ्याला सांगावे, छातीएवढ्या पाण्यात मला ही उलटी करून दाखवायची आहे. स्वतः उलटावी, स्वतः चढावे, तीनदा. तो नको म्हणाला तर चालते व्हावे. किंमत परवडत नसेल तर गरी साधी घ्यावी, यंत्र तर घेऊच नये. पण लाइफ जॅकेट चांगले घ्यावे आणि अंगात घालावे, खुंटीला नव्हे.

माझी आताची कयाक साडेदहा फूट लांब, ३३ इंच रुंद आणि भडक नारिंगी आहे. ती इतकी संथ, की ते काका मला ओलांडून जाताना हसतात. ज्याला घेण्याआधी पडून पाहायचे असेल, त्याने परीक्षा संपल्यावरच्या पहिल्या रविवारी भरतीच्या वेळी धक्क्यावर यावे. पंचा आणि कोरडे कपडे ज्याचे त्याने आणावेत. लाइफ जॅकेटे माझ्याकडे दोन आहेत.