पगारी पोरगा बाद!



पहाटे पाचला नाहूर स्टेशनच्या जिन्यावर आमचा एक पोरगा बूट बांधतो. दोनदा शिवलेले बूट. हायवेच्या सर्व्हिस रोडवर फेरे मारायचे, सकाळचं कॉलेज गाठायचं, दुपारी एक ते रात्री दहा गोदामात खोकी उचलायची. आठशे मीटरच्या चाचणीत तो पहिला आला. फॉर्म भरताना बाबूने विचारलं, ‘नोकरी करतोस का?’ पोरगं म्हणालं, ‘व्हय, फुल टाइम.’ बाद! वर बाबू म्हणतो, ‘खरं कशाला बोललास?’ कॉलेजचं नाव छापत नाही. त्याला अजून तिथेच परीक्षा द्यायचीय.

बाबूने नियम मनाने काढलेला नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धांचे नियमच तसे आहेत. खेळाडू नियमित विद्यार्थी पाहिजे, वय पंचविशीच्या आत पाहिजे आणि तो पूर्णवेळ नोकरीत नको. म्हणजे बाप खाटेला खिळला म्हणून ज्याची तीन वर्षं मजुरीत गेली, तो वयात बाद. आणि मजुरी करत शिकतो तो नोकरीत बाद. जात कुठेही लिहिलेली नाही. लिहायची गरजच काय?

ही अक्कल आली कुठून? १८७९ साली इंग्लंडात हेन्लेच्या होड्यांच्या शर्यतीवाल्यांनी ‘हौशी’ खेळाडूची व्याख्या केली. कारागीर, यंत्रावर काम करणारा, मजूर, यांना त्यातून सरळ बाहेर ठेवलं. हाताने राबणाऱ्याने साहेबाच्या बरोबरीने वल्हं मारायचं नाही! साहेब गेला, वल्हं इथल्या भटाबामणाच्या हाती आलं.

या नियमाच्या फुटपट्टीने पळवणकर बाळू मोजा. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात चार रुपये महिन्यावर राबणारा चांभाराचा पोर. साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकता टाकता तो गोलंदाज झाला आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी काढले. त्याची शाळा म्हणजेच त्याची नोकरी. (१९३७ च्या निवडणुकीत तो बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला, तो हिशोब वेगळा. तो आपण विसरलेलो नाही.)

आणि पैसा? १९५२ साली राजाराम कॉलेजच्या खाशाबा जाधवला हेलसिंकीला जायचं होतं. सरकारने हात वर केले. शेवटी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर ७,००० रुपयांना गहाण टाकलं. पोराने ब्राँझ आणलं, पुढे कुस्त्या मारून ते कर्ज फेडलं. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला तिची लाज वाटते. खाशाबाला निदान घर असलेला प्राचार्य भेटला. आमच्या पोराच्या पाठीशी गहाण टाकायला काय आहे? नाल्याकडेची दहा बाय बाराची खोली, तीही भाड्याची.

आज सरकार म्हणेल, आम्ही देतो की! देता. ‘खेलो इंडिया’त निवडलेल्याला महिन्याला १०,००० रुपये हातखर्च. चांगलं आहे, द्या. पण निवड होईपर्यंत त्याने खायचं काय? २०२१ च्या नियमांप्रमाणे आमच्या बीए-बीकॉमवाल्या, घरून येणाऱ्या पोराला भारत सरकारच्या शिष्यवृत्तीतून वर्षाला ३,००० रुपये निर्वाहभत्ता. दिवसाला आठ रुपये आणि काही पैसे. एक अंडं खा आणि पळ. तो तरी वेळेवर येतो का? मग पोरगा गोदामात जातो. तुम्ही पोसत नाही म्हणून तो कमावतो आणि कमावतो म्हणून तुम्ही त्याला हाकलता!

अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंच्या जिवावर संस्था गब्बर झाल्या. तिथे २०२१ साली सुप्रीम कोर्टाने एकमताने ‘हौशी’ नावाच्या त्या ढालीला भोक पाडलं. तिथले खेळाडू वाटा मागतात. आम्ही तर फक्त सुरुवातीच्या रेषेवर उभं राहू द्या म्हणतोय.

काही शहाणे म्हणतील, नोकरीवाल्यांना घेतलं तर रेल्वे-पोलिसातले तयार गडी कॉलेजात नाव घालून पदकं नेतील. ही भीती खोटी नाही. पण मग खेळासाठीच पगार घेणाऱ्याला अडवा ना! खोकी उचलणाऱ्याला का अडवता? हा फरक ओळखायला आयएएस लागत नाही.

नोकरीचं कलम असं बदला. नोंदणीत मोडलेली वर्षं वयातून वजा करा. प्रवासभत्ता जाण्याआधी हातात द्या, परत आल्यावर बिलं लावून नको. आणि जिमखाना फी कुठे खर्च झाली ते बोर्डावर लावा.

ज्यांच्याकडे फीच्या पावत्या आहेत त्यांनी त्या फाडू नका. रविवारी संध्याकाळी विहारात घेऊन या. त्या पोराला पुढच्या जुलैत पंचवीस पुरी होतात.