नदीतल्या लाल अळीला पूर्ण नाव हवे

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात केशवनगर-खराडी भागात मुळा-मुठेवर कीटकांचे उंच खांब घोंगावत असल्याचे व्हिडिओ देशभर फिरले. ‘डासांचे वादळ’ असे त्यांचे नावही पडले. पण नुसत्या व्हिडिओवरून कीटक ओळखता येत नाही. डासांचे नर थवे करतात, तसेच कायरोनोमिडी कुळातल्या न चावणाऱ्या चिलटांचे नरही करतात. त्यातला एक कीटक पकडून भिंगाखाली धरला की फरक कळतो. डासाला लांब सोंड आणि पंखांवर खवले असतात. या चिलटांना दोन्ही नसतात.

डास आणि चिलट वेगळे करणे हे त्यातले सोपे काम. अवघड काम त्यानंतरचे आहे, कारण या एका कुळात हजारो प्रजाती आहेत. डायामेसा वंशातल्या प्रजाती हिमनद्यांच्या थंड, स्वच्छ प्रवाहात राहतात, तर कायरोनोमस रिपॅरियस सांडपाण्याच्या गाळातही तग धरते. तिच्या अळीच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून ती लाल दिसते आणि प्राणवायू कमी असलेल्या गाळात जगते. अशाच लाल अळ्या घरी मासे पाळणारे ‘ब्लडवर्म’ म्हणून विकत आणतात.

आता अशा जिवांवरून पाणी तपासण्याची पद्धत पाहा. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या आणि भारतातही वापरल्या जाणाऱ्या ‘बीएमडब्ल्यूपी’ गुणपद्धतीत या संपूर्ण कुळाला दहापैकी दोन गुण मिळतात. स्वच्छ ओढ्यातली अळी असो वा गटारातली, गुण तेवढेच. तपासणी झटपट होते हे खरे, पण नदीने दिलेली अर्धी माहिती त्यात वाया जाते.

प्रजातीपर्यंत जाणे कठीण आहे, कारण प्रत्येक अवस्थेची ओळख वेगळ्या अवयवांवरून पटते. अळीच्या डोक्याखालची दातेरी पट्टी आणि तिच्या स्पर्शिका पाहाव्या लागतात. कोषातून चिलट उडाले की पाण्यावर तरंगणाऱ्या रिकाम्या कातीवरचे काटे आणि आकडे पाहावे लागतात. प्रौढांमध्ये नराचे जननांग निर्णायक ठरते. मादी पुष्कळदा वंशापलीकडे ओळखताच येत नाही. प्रजातींची वर्णने मात्र बहुतांशी नरांवरून झालेली, आणि तपासनिसाच्या जाळीत येते ती अळी. ही साखळी जोडायचा खात्रीचा मार्ग जुनाच आहे: एका छोट्या बाटलीत एकच अळी वाढवायची, तिची कात, कोषाची कात आणि बाहेर पडलेले चिलट एकाच क्रमांकाखाली जपायचे.

प्रजाती नीट न ओळखल्याची किंमत मोठी असते. उत्तर अमेरिकेतल्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षे गाळातल्या विषांची चाचणी कायरोनोमस टेंटन्स या युरोपीय प्रजातीच्या नावाने करत होत्या. १९९९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की अमेरिकेतले चिलट वेगळ्याच प्रजातीचे आहे. तिचे नाव डायल्युटस. जुन्या निष्कर्षांवरचे नाव बदलावे लागले. रिपॅरियस आणि तिच्याच वंशातली पायगर ही जोडी तर आणखी फसवी. दिसायला जवळजवळ सारखी, पण अळीच्या लाळग्रंथीतल्या महाकाय गुणसूत्रांचे पट्टे पाहिले की फरक उघड होतो; रिपॅरियसमध्ये पायगरपेक्षा सुमारे २७ टक्के अधिक डीएनए असतो. रिपॅरियस ही ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रमाणित विषचाचण्यांतली अळी आहे. तिथे चुकून पायगर शिरली, तर आकडे नेमके कोणत्या जिवाचे, हा प्रश्न उरतो.

डीएनए बारकोडमुळे, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून प्रजाती ओळखण्यामुळे, हे सारे सोपे होईल, असे म्हटले जाते. त्याचा उपयोग मोठाच आहे: अळी, कात आणि नर एकाच प्रजातीचे आहेत हे त्यातून जुळवता येते. पण बारकोड ज्याच्याशी ताडायचा, तो नमुना आधी कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली नीट ओळखलेला असावा लागतो. ती ओळख चुकली, तर चूक संगणकातून पुढच्या प्रत्येक तपासणीत पोहोचते.

महाराष्ट्रात या कामाला पाया आहे. पुणे विद्यापीठात कायरोनोमस रामोसस या भारतीय प्रजातीवर संशोधन झाले आहे, आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीत आहे. नदीसुधारावर शेकडो कोटींचा खर्च होत असताना जैविक तपासणीच्या प्रत्येक कंत्राटात तीन अटी घालणे अशक्य नाही. ठरलेल्या ठिकाणच्या काही अळ्या प्रौढ होईपर्यंत वाढवाव्यात. तिन्ही अवस्थांच्या काचपट्ट्या आणि बारकोड एकत्र जोडावेत. आणि हे नमुने अहवालासोबत सरकारी संग्रहात जमा केल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. त्यासाठी सूक्ष्मदर्शकावर बसणारी पगारी माणसे लागतील. त्यांची पदे याच खर्चातून निर्माण करावीत.