पदवी इलेक्ट्रॉनिक्सची, शिक्षण कशाचे?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत शाखेची चर्चा सुरू होते. संगणक मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन घ्यावे, कारण तेथूनही शेवटी सॉफ्टवेअर कंपनीतच जाता येते, असा सल्ला जाणते लोक देतात. सल्ला व्यवहारी आहे. परंतु एखाद्या विद्येचे मोठेपण ती सोडून जाण्याच्या सोयीवरून ठरावे, यात त्या शिक्षणाची सारी शोकांतिका सामावलेली आहे.

हा प्रश्न आज नव्याने उभा राहण्यास कारण आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यानंतर साणंद, ढोलेरा, आसामातील जागीरोड येथील प्रकल्पांना मान्यता मिळाली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये चिप-आरेखनाचा नवा पदवी अभ्यासक्रम आणि चिप-उत्पादनाचा पदविका अभ्यासक्रम जाहीर केला. २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांवरील प्रवेशसंख्येची कमाल मर्यादाही उठविण्यात आली. पदव्यांची नावे बदलली, जागा वाढण्याची वाट मोकळी झाली. चार वर्षांत विद्यार्थी प्रत्यक्ष करतो काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

शिक्षणाच्या मोलाविषयी अर्थशास्त्रात दोन मते आहेत. शुल्झ आणि बेकर यांच्या मते शिक्षणाने माणसाची उत्पादनक्षमता वाढते, म्हणून त्याला वेतन अधिक मिळते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दुसरी बाजू मांडली. पदवी ही पुष्कळदा केवळ खूण असते. हा उमेदवार चिकाटीचा व बुद्धीचा आहे एवढेच ती मालकाला सांगते. आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीचे गेल्या काही दशकांत असेच झाले. सॉफ्टवेअर कंपन्या महाविद्यालयात भरतीसाठी येतात, तेव्हा पुष्कळदा शाखा विचारीत नाहीत. गुणांची टक्केवारी आणि चाचणी एवढ्यावर निवड होते. ज्या ज्ञानाला बाजारात किंमत नाही, ते मिळविण्यासाठी विद्यार्थ्याने रात्री का जागवाव्यात? वरच्या वर्गातील विद्यार्थ्याच्या जर्नलमधून रीडिंग उतरवून घेणे हा आळस खरा, पण तो हिशेबी आळस आहे.

संस्थाचालकांचा हिशेबही याहून वेगळा नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. एरवी ज्यांना प्रवेश मिळाला नसता किंवा कर्नाटकाची वाट धरावी लागली असती, अशा हजारो मुलांना त्यामुळे अभियंता होता आले. हे श्रेय त्या धोरणाला दिलेच पाहिजे. परंतु जे महाविद्यालय शुल्कावर चालते, तेथे खडू-फळ्याचा तास स्वस्त पडतो आणि प्रयोगशाळेचा तास महाग. ऑसिलोस्कोप घ्यावा लागतो, दुरुस्त करावा लागतो, काही वर्षांनी बदलावाही लागतो; शिवाय तो हाताळू देणारा जाणता प्रयोगशाळा-साहाय्यक पगारावर ठेवावा लागतो. म्हणून प्रयोग हळूहळू संगणकाच्या पडद्यावर सरकतात. पडद्यावरील मंडल उपयोगी नाही असे नव्हे. चिपचे आरेखन आज संगणकाविना होतच नाही. परंतु सैल राहिलेला डाख, तापणारा सुटा भाग, शेजारच्या तारेतून शिरलेला गोंगाट यांच्याशी खरी गाठ पडते ती टेबलावरच. दोष शोधण्याची विद्या दोष समोर असल्याखेरीज येत नाही.

अमेरिकेलाही हा पेच पडला होता. १९५५ च्या ग्रिंटर अहवालानंतर तेथील अभियांत्रिकी शिक्षण गणित व मूलभूत विज्ञानाकडे झुकले आणि कारखान्यातील प्रत्यक्ष कामाची बाजू मोकळी पडू लागली. ती भरून काढण्यासाठी ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ अशी निराळी पदवी पुढे आली. इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी ही तिचीच एक शाखा. तिच्यात अमूर्त गणित कमी व प्रयोगशाळा अधिक असते. चाचणी, उत्पादन, देखभाल या कामांसाठी ती माणसे घडविते. तिच्या मान्यतेसाठी स्वतंत्र आयोगही आहे. हा प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा आहे. मात्र त्याची किंमत त्या पदवीधरांना मोजावी लागते. व्यावसायिक अभियंत्याचा परवाना मिळविताना काही राज्यांत त्यांना अधिक वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, तर काही ठिकाणी दारच बंद असते.

आपण हा मार्ग जसाच्या तसा उचलावा काय? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. ज्या समाजाने हाताचे काम आणि डोक्याचे काम शतकानुशतके जातीने वाटून दिले, तेथे ‘हाताची पदवी’ आणि ‘डोक्याची पदवी’ अशी फाळणी झाली, तर पहिलीत कोणाची मुले जातील हे सांगावयास भविष्यवेत्ता नको. आणि आपल्याकडे दोन्ही गुण एकाच वर्गात आधीच येऊन बसलेले आहेत. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षाला येणारा विद्यार्थी हातात सोल्डरिंगची सळई सराईतपणे धरतो, पण गणिताला अडखळतो. बारावीहून आलेल्याचे नेमके उलट असते. या दोघांना एका टेबलावर आणण्याऐवजी आपण दोघांनाही तीच प्रश्नपत्रिका पाठ करावयास लावतो.

उपाय अवघड नाहीत. शुल्क नियामक प्राधिकरण संस्थेच्या खर्चाच्या आधारे शुल्क ठरविते. प्रयोगशाळेवर प्रत्यक्ष किती खर्च झाला, हा आकडा स्वतंत्रपणे पालकांपुढे ठेवण्यास त्याने संस्थांना भाग पाडावे. प्रात्यक्षिक परीक्षेत जर्नलला गुण देण्याऐवजी बाहेरच्या परीक्षकाने बिघडलेले मंडल पुढे ठेवावे आणि दोष शोधावयास सांगावे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे आणि १९७३ पासून पदवी-पदविकाधारकही त्याच्या कक्षेत आहेत; विद्यावेतनासह एक सत्र कारखान्यात घालविणे प्रत्येकाला शक्य व्हावे.

एवढे करूनही एक अडचण उरते आणि ती लपविण्यात अर्थ नाही. कारखान्यात सुरुवातीचे वेतन सॉफ्टवेअरहून कमी राहिले, तर टेबलावर तयार झालेला विद्यार्थीही तिकडेच जाईल. कुशल माणसे मिळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या उद्योगांनी कौशल्याचे मोलही दिले पाहिजे. ज्या उद्योगांना सरकारी तिजोरीतून हजारो कोटींचे साहाय्य मिळते, त्यांच्याकडून शिकाऊ उमेदवारांच्या जागा आणि त्यांचे वेतन यांविषयी हमी मागणे मुळीच अवाजवी नाही.

मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ साली चिपचे उत्पादन सुरू झाले. १९८९ च्या आगीनंतर त्याला उभे राहण्यास कित्येक वर्षे लागली आणि दरम्यान जग पुढे निघून गेले. तरीही अंतराळ संशोधन संस्थेसाठीचा ‘विक्रम’ हा प्रक्रियक तेथेच घडला आणि २०२५ मध्ये देशापुढे आला, तो ज्यांनी हे काम चिवटपणे चालू ठेवले त्या तंत्रज्ञांमुळे. यंत्रे परदेशातून विकत आणता येतात. असे तंत्रज्ञ येथेच घडवावे लागतात. म्हणून यंदा प्रवेशाचा अर्ज भरताना पालकांनी महाविद्यालयात केवळ ‘पॅकेज किती?’ एवढेच न विचारता ‘प्रयोगशाळा दाखवा’ असेही म्हणावे. धोरण बदलावयास वेळ लागेल. हा प्रश्न मात्र आजच विचारता येतो.